अडनिड्या वयाच्या मुलांच्या मालिका: आपल्या घरात आधी कोणती लावावी?

घरात आठवी-नववीतलं मूल असलं की सोलापुरातले ओळखीचे आईबाप मला दोन गोष्टी विचारतात. एक, त्याला अशा मालिका बघू द्याव्यात का? दुसरी, आपण सोबत बसावं का? मालिका कोणती, यावर दोन्हींची उत्तरं बदलतात. इथे चार मालिका शेजारी ठेवल्या आहेत, आणि माझी कसोटी एकच आहे: पडद्यावरचं पोर अडचणीत सापडतं तेव्हा हाक मारायला त्याच्याजवळ कुणी मोठं माणूस आहे का, आणि हाक मारली तर ते येतं का.

सध्या सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते 'अडोलसन्स'चं. मार्च २०२५ मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. इंग्लंडमधल्या एका साध्या घरात सकाळी सकाळी पोलीस दार फोडून शिरतात आणि १३ वर्षांच्या जेमीला शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून घेऊन जातात. चारच भाग आहेत आणि प्रत्येक भाग सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला आहे. कॅमेरा कुठेच तुटत नाही, त्यामुळे बघणाऱ्यालाही नजर चुकवायला जागा मिळत नाही. दुसऱ्या भागात तपास अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा बाजूला घेऊन इन्स्टाग्रामवरच्या इमोजींचा खरा अर्थ सांगतो. तोवर त्या कॉमेंट्स मैत्रीतल्या आहेत असं पोलीस धरून चाललेले असतात. चौथ्या भागात आईबाप एकमेकांशी बोलत राहतात: पोरगं तर खोलीतच होतं, कॉम्प्युटरपुढे होतं, सुरक्षित आहे असंच वाटत होतं.

हे बोलणं होटगी रोडवरच्या फ्लॅटला लागू आहे तसंच पूर्व भागातल्या यंत्रमागाशेजारच्या घरालाही. आपलं मूल बाहेर उनाडत नाही, घरातच असतं, हे आपण कौतुकाने सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत तर दुपारी त्याला बाहेर पाठवायचीही सोय नसते. ते आत काय वाचतं, त्याला कोण काय म्हणतं, हे मात्र आपण विचारत नाही.

जेमीचा बाप प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, पण त्याला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून ही मालिका आधी मोठ्यांनी बघावी, तीही मुलं झोपल्यावर. बापाचं काम करणाऱ्या स्टीफन ग्रॅहम यांनीच जॅक थॉर्न यांच्यासोबत ती लिहिली आहे. जेमी झालेल्या ओवेन कूपरला १५व्या वर्षी एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं, आणि तिसरा भाग बघितला की ते का मिळालं ते समजतं. एका खोलीत मानसशास्त्रज्ञ बाई आणि तो, एवढंच. क्षणात लाघवी, क्षणात अंगावर येणारा. दहावीतल्या मुलाला हा भाग जरूर दाखवा. त्याआधी तुमचे चारही भाग बघून झालेले असावेत, आणि तो बघताना तुम्ही उठून जाऊ नये.

२०१७ ची 'थर्टीन रीझन्स व्हाय' मी सुचवत नाही. आत्महत्या केलेली मुलगी मागे कॅसेटी ठेवून जाते आणि एकेकाला जाब विचारते, अशी तिची मांडणी आहे. मेल्यावर सगळ्यांना माझी किंमत कळेल, असं ज्या पोराच्या मनात आधीच आहे, त्याला ही मांडणी बळ देते. शाळेतल्या समुपदेशकाकडे ती मुलगी जाते, तिथेही तिचं नीट ऐकून घेतलं जात नाही. आत्महत्येचं दृश्य नेटफ्लिक्सने तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून २०१९ मध्ये काढून टाकलं, तरी मांडणी तीच राहिली. मुलाने ती आधीच बघितली असेल तर ओरडू नका, त्याला काय वाटलं ते विचारा. आणि त्याच्या बोलण्यात मरणाचा विषय येत असेल तर मालिका बाजूला ठेवून १४४१६ ला फोन लावा. ही टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे.

माझी सगळ्यात आवडती मालिका या सगळ्यांत जुनी आहे. 'माय सो-कॉल्ड लाइफ' १९९४ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि प्रेक्षक कमी म्हणून १९ भागांत बंद पडली. १५ वर्षांची अँजेला केस लाल रंगवते, लहानपणापासूनची मैत्रीण सोडून रेयानशी दोस्ती करते, आणि आई पॅटीचा प्रत्येक शब्द तिला टोचायला लागतो. क्लेअर डेन्सने ती अशी केली आहे की रडू येण्याआधी तिची हनुवटी थरथरते तेवढ्यानेच आपल्या पोटात कालवतं. मालिका लिहिणाऱ्या विनी होल्झमन यांनी आईलाही पूर्ण माणूस केलं आहे. तिचं घाबरणं, वय वाढल्याची खंत, नवऱ्याशी होणारे खटके, सगळं दिसतं. एका पार्टीत रेयान नशेने बेशुद्ध पडते, तेव्हा अँजेला आईलाच फोन करते. आणि आई येते, प्रश्न न विचारता कामाला लागते. रिकी या समलिंगी मुलाला घरातून हाकलतात, तेव्हा शेवटी त्याचे शिक्षक त्याला आपल्या घरात घेतात. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर हे दाखवायला धाडस लागलं होतं.

अडचणी आहेतच. इंग्रजी आहे, वेग संथ आहे, मोबाइल कुठेच नाही, आणि गोष्ट अर्धवट सुटते. घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी बोलणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना सुरुवातीचे दोन-तीन भाग जड जातील. तरीही आई आणि मुलीने सोबत बघायची असेल तर हीच घ्या, विशेषतः दोघींचं सध्या पटत नसेल तर.

'कोटा फॅक्टरी'चं कारण वेगळं आहे. दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या कितीतरी घरांत लातूरचा विषय निघतो. कोणता क्लास, कोणतं हॉस्टेल, किती फी. त्याच वळणावर उभ्या असलेल्या मुलाने आणि त्याच्या बापाने ही हिंदी मालिका फी भरायच्या आधी बघावी. २०१९ मध्ये आलेली, कृष्णधवल, आयआयटीच्या तयारीला राजस्थानातल्या कोटा या क्लासेसच्या शहरात आलेल्या वैभवची गोष्ट. मयूर मोरेने तो मनापासून केला आहे. हाक ऐकणारं माणूस इथे आहे, त्याला शिकवणारा जीतू भैया. कावीळ झाल्यावर वैभवची आईही धावून येते. मात्र जीतू भैयासारखा मास्तर प्रत्येक क्लासमध्ये भेटतो असं मुलाला वाटू देऊ नका. शिव्या आहेत, त्या चालवून घ्या. दुसऱ्या सीझनच्या शेवटी एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी येते, आणि तिसऱ्यात खुद्द जीतू भैया त्या धक्क्यातून सावरायला समुपदेशकाकडे जातो. म्हणून दुसऱ्याचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात एकाच बैठकीत, मुलाच्या शेजारी बसून बघा. मधल्या त्या बातमीवर टीव्ही बंद करून त्याला झोपायला पाठवू नका.