निवृत्तीची रक्कम: बँकेची एफडी की सीनियर सिटिझन स्कीम?

फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकरकमी हातात आले की शेअर बाजाराकडे वळायची छाती सगळ्यांची होत नाही. माझी तरी झाली नाही. मुद्दल शाबूत राहिलं पाहिजे, ही एकच अट असेल तर शेवटी दोनच पर्याय समोर उरतात: बँकेची एफडी आणि सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना. मी दोन्हीकडे पैसे ठेवले आहेत, पण मोठा वाटा एकीकडे आहे.

एफडीची सोय मोठी आहे, हे आधी मान्य करतो. मोबाईलवर काढा, मोबाईलवर मोडा. पाच-सहा पावत्या केल्या असतील तर गरजेपुरती एकच मोडते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. व्याज दरमहा घ्या, नाहीतर साचू द्या. योजनेत व्याज तिमाहीलाच मिळतं आणि तुम्ही उचललं नाही तर त्या व्याजावर व्याज चढत नाही. त्यामुळे बचत खातं जोडून घेतलेलं बरं.

माझा निर्णय अडला तो ठेव विम्यापाशी, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईपाशी. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली, ही मोठीच सुधारणा. पण हे ५ लाख एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी मिळून, आणि मुद्दल व व्याज धरून. म्हणजे ७ टक्क्यांनी पाच वर्षं साचणारी ठेव विम्यात पूर्ण बसवायची तर सुरुवातीला साडेतीन लाखच ठेवायला हवेत. ३० लाखांसाठी नऊ बँका झाल्या! नऊ ठिकाणी केवायसी, नऊ नॉमिनी, कर बसत नसेल तर व्याजातून तो कापू नये म्हणून दर एप्रिलला नऊ वेळा अर्ज, आणि मुदत संपण्याच्या नऊ तारखा. आपल्या माघारी बायकोने हे कसं निस्तरायचं, या विचाराने मी थांबलो.

‘मग सगळे स्टेट बँकेत ठेवा, विम्याची काळजीच कशाला?’ असं कुणी म्हणेल. मुद्दा रास्त आहे, मलाही तिथे भीती वाटत नाही. पण अशा बँकांचा दर योजनेपेक्षा कमी होता, आणि जास्त दर देणाऱ्या छोट्या बँकांत गेलं की पुन्हा ती विभागणी आलीच.

योजनेत एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत रक्कम एकाच पासबुकात ठेवता येते, हमी केंद्र सरकारची. मला ८.२ टक्के दर मिळाला. खातं उघडताना असलेला दर पाचही वर्षं टिकतो. पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये होतात, अर्थात ते करपात्र आहेत. साठीच्या आत, पण पंचावन्न पूर्ण करून निवृत्त झाला असाल तर पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. ती मुदत चुकवू नका. पोस्टातली रांग आणि ‘सर्व्हर डाऊन’ नको असेल तर सरकारी बँकांतही हे खातं निघतं.

मध्येच मोडलं तर मात्र फटका आहे: वर्षाच्या आत व्याजच नाही, दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. म्हणून सगळेच पैसे तिथे अडकवू नयेत असं मला वाटतं. ३० लाखांच्या वर उरलेल्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बाँड (व्याजदर बदलत राहणारे रोखे) पाहिले होते, पण त्यांची मुदत सात वर्षांची आणि सत्तरीच्या आतल्यांना पहिली सहा वर्षं हात लावता येत नाही. त्यापेक्षा उरलेली रक्कम मी एका मोठ्या बँकेत पाच-सहा पावत्यांत ठेवली. दवाखान्याचा खर्च आलाच तर त्यातली एक मोडायची, स्कीमच्या पासबुकाला हात लावायचा नाही.