कोरलच्या नावाखाली ४८,८०० रुपये: समुद्री टँक घ्यायच्या आधी हे वाचा

अठ्ठेचाळीस हजार आठशे रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण उदगीरसारख्या गावात अशी बातमी फिरते तेव्हा कुणी वीस हजार म्हणतं, कुणी लाखावर नेतं, आणि वर "माशांच्या नादात घालवले" असं म्हणून सगळे मोकळे होतात. नादात नाही गेले. एका माणसाने ठरवून, टप्प्याटप्प्याने काढून घेतले.

लॉटरी, ओटीपी, वीजबिलाचा मेसेज हे प्रकार आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. माझ्या बाबतीत तसं काहीच नव्हतं. मी वस्तू मागवली आणि वस्तू घरी आली. म्हणून तर संशयाला जागा उरली नाही. पार्सल आलं की माणसाला वाटतं व्यवहार खरा आहे.

मला हवा होता चाळीस लिटरचा छोटा समुद्री टँक, ज्याला नॅनो रीफ म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन क्लाउनफिश (केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे छोटे मासे), थोडे दगड, त्यावर कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. गोड्या पाण्यातले मासे मी बरीच वर्षं पाळतोय, त्यामुळे अगदीच कोरा नव्हतो. पण आपल्याकडे खाऱ्या पाण्याचं सामान मिळत नाही. लातूर, नांदेडला विचारलं तर दुकानदार गप्पी आणि गोल्डफिश दाखवतात. मग मोबाईलवर जाहिरात दिसली: "पूर्ण रीफ सेट, नवशिक्यांसाठी, घरपोच." फोन केला तर माणूस मुंबईचा, बोलायला गोड, आणि विषयातलं बोलणारा. क्षार किती, तापमान किती, घडाघडा सांगत होता. असल्या माणसावर कुणीही विश्वास ठेवला असता.

हिशेब असा. टोकन ५,००० रुपये, जे शेवटी वळते करून घेऊ म्हणाला आणि केले नाहीत. टँक, लाइट, पंप, हीटर मिळून १४,५००. समुद्री मीठ १० किलो ४,२००. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वाढलेले समुद्री दगड, ६ किलो, १,१०० रुपये किलोने ६,६००. क्लाउनफिशची जोडी ३,४००. कोरलचे पाच तुकडे, १,८०० चा एक, म्हणजे ९,०००. ऑक्सिजन पॅकिंग आणि ट्रॅव्हल्सचं भाडं २,३५०. आणि "वन खात्याची परवाना फी" ३,७५०.

ही शेवटची रक्कम परत वाचा. सरकारी फी, आणि ती गेली कुणातरी माणसाच्या खासगी यूपीआयवर. सरकारी फीला चलन असतं, पावती असते, खात्याचं नाव असतं. एवढं मलाही कळतं. पण तो म्हणाला, "सर, आमचा एजंट भरतो, तुम्हाला कुठे मुंबईला यायला लावू?" मे महिना, दुकानात खरिपाच्या बियाण्याची गर्दी, मी फोन कानाला लावूनच पैसे पाठवले.

आता जी गोष्ट डोक्यातून जात नाही ती सांगतो. माझं कृषी सेवा केंद्र आहे. सोयाबीनची पिशवी विकताना मी लॉट नंबर बिलावर लिहितो, शेतकऱ्याची सही घेतो. बिल देणं तर १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने बंधनकारकच आहे, आणि बोगस बियाण्यात लोकांचे हंगाम बुडालेले मी डोळ्यांनी पाहिलेत. तर या माणसाला मी बिल मागितलं. तो म्हणाला, "बिलावर कोरल लिहिता येत नाही सर, शोभेचे दगड असं लिहितो."

शोभेचे दगड! १,८०० रुपयांना एक जिवंत कोरल विकणारा माणूस बिलावर त्याचं नाव लिहायला तयार नाही, आणि ते मला तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय. तिथेच फोन ठेवायला हवा होता. मला वाटलं जीएसटी वाचवत असेल. आपल्याकडे कच्च्या बिलावर काय चालत नाही? फरशी येते, फर्निचर येतं, लग्नाचा मंडप पडतो. दिवसातून दहा वेळा जे ऐकतो तेच एकदा फोनवर ऐकलं, तर त्यात वेगळं काय वाटणार? पण त्याने ते वाक्य टॅक्ससाठी वापरलंच नव्हतं. पुढे माझं तोंड बंद करण्यासाठी वापरलं होतं.

थर्माकोलचा डबा ट्रॅव्हल्सने पहाटे आला. मासे जिवंत होते. एका बाटलीत "बॅक्टेरिया" होता: ही ओता आणि त्याच दिवशी मासे सोडा. जे कुणी पहिल्यांदा टँक लावणार असतील त्यांनी हे नीट ऐका. नव्या टँकमध्ये माशांच्या घाणीचा अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू दगडांवर, वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत टँकमध्ये मासा सोडायचा नाही. चांगल्या बाटलीने हा काळ कमी होतो, पण टेस्ट किटने तपासल्याशिवाय मासा सोडा असं जो सांगतो त्याला मासा जगवायचाच नसतो. तो मेला की दुसरी जोडी विकता येते. माझी जोडी तोंड वर काढून धापा टाकत मेली आणि हा म्हणतो, "पाण्याला सेट व्हायला वेळ लागतो, दुसरी जोडी ३,००० ला देतो." ती मी घेतली नाही.

मीठ. यात तर सगळ्यात मोठा डाव होता. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चाळीस लिटरला १,४०० ग्रॅम. तेवढं घातलं, रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजायच्या उपकरणाने) बघितलं, आकडा १.०२५ च्या आसपास, बरोबर जिथे हवा तिथे. मी निर्धास्त. पण रिफ्रॅक्टोमीटरला फक्त पाण्यात विरघळलं किती ते कळतं, काय विरघळलं ते कळत नाही. पुढे कॅल्शियमचं किट मागवलं तेव्हा कळलं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर असतं, माझ्या टँकमध्ये नावापुरतं. त्याने ४,२०० रुपयांना बाजारातलं खडा मीठ दळून चकचकीत पिशवीत भरून दिलं होतं. क्षारता तपासली म्हणजे मीठ तपासलं असं समजू नका. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) तिन्ही बघा, आणि सील असलेली, कंपनीच्या बॅच नंबरची पिशवीच घ्या.

पाणी कमी झालं की मिठाचं पाणी टाका, हाही त्याचाच सल्ला. मेमध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो, एवढ्याशा टँकमधलं पाणी डोळ्यांदेखत उडतं. पण उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं. वरून पुन्हा मिठाचं टाकलं की क्षार वाढतच जाणार. भर नेहमी गोड्या, आरओच्या पाण्याची घालायची. बोअरचं पाणी मुळीच नाही. आपल्या भागातल्या बोअरचे क्षार तर चहाच्या भांड्यावर दिसतात.

आणि हीटर! टँक २५-२६ अंशांवर ठेवायचा असतो, आणि हा उदगीरच्या मेमध्ये मला हीटर विकतो. इथे पंखा किंवा चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, लागतो, आणि लाइट गेली तर पंप चालू राहील असा बॅटरी बॅकअप. आपल्याकडे लाइट किती जाते ते मी सांगायला नको. नवशिक्यांना छोटा टँक सोपा, हे वाक्य जिथे वाचाल तिथे थांबा. पाणी जितकं कमी तितका प्रत्येक बदल झपाट्याने होतो, सावरायला वेळ मिळत नाही.

लाइव्ह रॉकचा जांभळा रंग पाण्यात उतरायला लागला तेव्हा मी एक दगड फोडला. आत सिमेंट. कोरलचे तुकडे उजेडात हलायचे, पण कधी मिटले नाहीत की उघडले नाहीत. ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी हातात घेऊन दाबले आणि म्हणाले, "हे सिलिकॉन आहे हो." ९,००० रुपयांचं सिलिकॉन.

मी फोन केला, पैसे परत मागितले. तेव्हा त्याने हुकमाचं पान उघडं केलं. "सर, तुम्ही कोरल विकत घेतलंय. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये येतं. परवाना फी भरलेला तुमचा मेसेज माझ्याकडे आहे. तक्रार केली तर फॉरेस्टवाले आधी तुमच्या घरी येतील."

मी गप्प बसलो. घरात कुणाला सांगितलं नाही. दुकानाला परवाना आहे, गावात नाव आहे, पोरीचं लग्न जमत आलंय. त्या गप्प बसण्यातच पैसे पुढच्या खात्यात गेले असणार.

प्राध्यापकांनीच कायदा समजावून सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रीफ बांधणारे सगळे टणक कोरल २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, सोबत काळं कोरल, अग्निकोरल, समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचं आखात, कच्छचं आखात, कुठूनही काढलेलं असो. समुद्रातून उचललेला, कोरलचा सांगाडा असलेला दगडही त्यातच. परदेशी व्हिडिओत लोक दुकानात उभे राहून निवडून कोरल घेतात, ते बघून आपल्याला वाटतं इथेही चालतं. मलाही तसंच वाटलं, मुद्दाम कायदा मोडायला मी निघालो नव्हतो. आणि माझ्या घरात कोरल आलंच नव्हतं, सिलिकॉन आलं होतं. तो मला ज्याची भीती दाखवत होता ती वस्तू त्याने कधी पाठवलीच नव्हती!

मग सुरू झाली वणवण. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला. तो घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न, "काका, माशांना अठ्ठेचाळीस हजार?" शेजारचे दोघं हसले. तुम्ही जिल्ह्याला सायबरकडे जा म्हणाले. लातूरला गेलो. तिथे म्हणाले रक्कम पन्नास हजारांच्या आत आहे, तुमच्या ठाण्यातच होईल. परत ठाण्यात. तिथे अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. फसवणूक अदखलपात्र कशी? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र आहे, हे मी वकिलाकडून लिहून घेऊन गेलो होतो. कागद बघितलासुद्धा नाही. "माल तर आला ना तुमचा? मग हा दिवाणी मामला."

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. दुकानात गल्ल्यावर चाकू लावून पैसे नेले तरी गल्ला मीच उघडलेला असतो. समोरच्या खात्यात पैसे आहेत का, ते खातं कुणाचं, एवढं तरी विचारून द्या म्हटलं, तर गोपनीय. चोराची गोपनीयता जपायला सगळी यंत्रणा जागी आहे. वन खात्याच्या कार्यालयात स्वतःहून गेलो, की या नावाने कुणीतरी तुमच्या खात्याची खोटी फी गोळा करतोय, नंबर घ्या, स्क्रीनशॉट घ्या. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "समुद्राचं आमच्याकडे येत नाही, तुम्ही कोकणात विचारा." तुमच्या खात्याच्या नावाने पैसे उकळले जाताहेत, त्याला समुद्र कशाला लागतो? खरिपाच्या ऐन गर्दीत दुकान बंद ठेवून मी या खुर्च्यांसमोर उभा राहिलो आणि प्रत्येकाने मला पुढच्या खुर्चीकडे ढकललं. त्या माणसाला हे सगळं माहीत आहे. त्याचा धंदा आपल्या भोळेपणावर जेवढा चालतो तेवढाच या ढकलाढकलीवर चालतो.

म्हणून तुम्ही उशीर करू नका. धमकी आली तरी त्याच तासाला १९३०, कारण पैसे समोरच्या खात्यात असतील तरच गोठवता येतात. ठाण्यात हद्दीचं कारण सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवायचा गुन्हा, मागा. नाही म्हणाले तर त्याच कलमात लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवायची सोय आहे, रजिस्टर्ड पाठवा आणि पोच जपून ठेवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुंबईला जावं लागत नाही. मी दोन्ही केलंय. विक्रेत्याने जीएसटी नंबर दिला तर पोर्टलवर टाकून बघा, मी नंतर टाकला, असा नंबरच नव्हता. क्लाउनफिश घ्यायचेच तर पैदास केलेले मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास कधीच जमवली आहे, समुद्रातून ओरबाडलेले घ्यायची गरज नाही. आणि "बिलावर दुसरं काहीतरी लिहितो" हे शब्द कानावर पडले की टोकनसुद्धा देऊ नका.

तो अजून जाहिरात करतोय. नाव बदललंय, फोटो तोच आहे: निळ्या उजेडातला छोटा टँक, मधोमध हिरवट कोरल, वर उजवीकडे दोन क्लाउनफिश, मागे पांढऱ्या टाइल्सची भिंत. दिसला तर पैसे पाठवू नका. जाहिरातीचा, नंबरचा आणि यूपीआय आयडीचा स्क्रीनशॉट काढा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित नंबर म्हणून टाका.