बीएमआय की कंबरेचा घेर: तपासणीत भिस्त कशावर ठेवावी?

आरोग्य तपासणीच्या अहवालात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ठळक छापलेला असतो. कंबरेचा रकाना मात्र अनेकदा रिकामाच. माझा कौल उलटा आहे. प्रश्न वाढत्या वजनाचा असेल आणि एकच मोजमाप करायचं असेल, तर टेप घ्यावी. अर्थात बीएमआय मोडीत काढण्याइतका वाईटही नाही.

त्याचा हिशोब साधा: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ६८ किलो वजन आणि १.६५ मीटर उंची असेल तर उत्तर येतं २४.९८. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या कोष्टकात २५ पासून वजन जास्त आणि ३० पासून स्थूलता धरतात, म्हणजे ही व्यक्ती जेमतेम सुटली. पण तिची उंची चपला घालून मोजली असेल आणि खरी १.६३ असेल, तर आकडा २५.६ होतो. उंचीचा वर्ग होत असल्यामुळे तिच्यातली चूक जवळजवळ दुप्पट भोवते. म्हणून ‘उंची किती?’ असं विचारून रकाना भरणं मला पटत नाही.

बरं, कोष्टकही एकच नाही. आशियाई वंशाच्या लोकांत तेवढ्याच बीएमआयला शरीरातली चरबी सरासरीने जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावधतेचे टप्पे सुचवले. त्या हिशोबाने आपली २४.९८वाली व्यक्ती धोक्याच्या पट्ट्यात आली! अहवालात नुसतं ‘नॉर्मल’ लिहिलं असेल, तर कोणत्या कोष्टकाने, हे विचारायलाच हवं.

मूळ अडचण याहून खोल आहे. एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने हे सूत्र मांडलं ते ‘सरासरी माणसा’च्या शोधात, रोग ओळखण्यासाठी नव्हे. वजन स्नायूंचं आहे की चरबीचं, आणि चरबी मांड्यांवर आहे की पोटात, हे त्यातून कळत नाही. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त निगडित असते ती पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी, आणि टेप तिचाच अंदाज देते.

टेपची खोड वेगळी: मोजणारा बदलला की आकडा बदलतो. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजायचं. पँटच्या पट्ट्यावर नाही. (टेप दिसताच पोट आत जातं, तेव्हा दोनदा मोजलेलं बरं.)

मर्यादा कोणती धरायची? दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर वापरतात. मला ‘कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी’ हा नियम जास्त आवडतो. १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाची कंबर ८८ असेल तर ९०च्या नियमाने तो पास होतो. निम्म्याच्या नियमाने त्याची हद्द ८२.५ला संपते. बुटक्या माणसाला ठरावीक आकडा उगाच सवलत देतो.

मग निवड कशी करावी? बीएमआय ३५च्या वर असेल तर टेपने निर्णय फारसा बदलत नाही. २३ ते ३०च्या पट्ट्यात मात्र टेपशिवाय निष्कर्ष काढू नये. व्यायामाने कमावलेलं शरीर आणि हडकुळ्या हातापायांवर सुटलेलं पोट इथेच वेगळं कळतं. गरोदरपणात ही दोन्ही मोजमापं बाजूला ठेवावीत. मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसारच्या तक्त्यावर वाचतात, मोठ्यांच्या कोष्टकावर नाही.

बीएमआय १८.५च्या खाली, म्हणजे वजनच कमी असेल, तर टेपचा उपयोग नाही, तिथे बीएमआयच कामाचा. वृद्धांत तोही फसवतो: स्नायू झिजून वजन घटतं, पाठ वाकून उंचीही घटते आणि आकडा जागच्या जागी राहतो. त्यांच्या बाबतीत, गेल्या काही महिन्यांत प्रयत्न न करता वजन उतरलंय का, हे आधी विचारावं.