रिस्टार्ट कधी करायचं हे ठरवणार कोण? विंडोज, मॅक, लिनक्स आणि क्रोमबुक

नवीन लॅपटॉप घेताना आपण रॅम बघतो, बॅटरी बघतो, पण "अपडेट तयार आहे, रिस्टार्ट करा" हा पॉपअप कितीदा डोक्यात जाणार ते कुणी विचारतच नाही. मी एकदा रात्रभर व्हिडिओ एक्सपोर्टला लावून झोपलो, सकाळी बघतो तर मशीन लॉगिन स्क्रीनवर आणि एक्सपोर्ट अर्धवट गेलेला. तेव्हापासून मी एवढंच बघतो की रिस्टार्टचा शेवटचा निर्णय माझा की मशीनचा.

विंडोजमध्ये फाईल वापरात असली की ती लॉक असते, बदलता येत नाही, म्हणून तिथे रिस्टार्ट सारखा लागतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी (आपल्याकडे कधी बुधवार उजाडतो) सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारी अपडेट्स) येतात, म्हणजे महिन्याला एक रिस्टार्ट धरूनच चाला. 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा होम एडिशनवाल्यांना अपडेट थांबवायची नीट सोयच नव्हती, 2019 च्या मे अपडेटनंतर पॉज मिळाला. आता 5 आठवड्यांपर्यंत पॉज करता येतं, पण ते संपलं की आधी अपडेट घ्यायचं, मगच परत पॉज. अॅक्टिव्ह अवर्स, म्हणजे ज्या वेळेत विंडोज स्वतःहून रिस्टार्ट करत नाही ते तास, जास्तीत जास्त 18, म्हणजे उरलेल्या 6 तासांत रात्रीचं काम चालू असेल तर धोका आहेच. प्रो एडिशनमध्ये ग्रुप पॉलिसी या सेटिंग्जच्या एडिटरमधून "कोणी लॉगिन असेल तर रिस्टार्ट नको" असं सांगता येतं, होममध्ये ते एडिटरच नाही, आणि माझ्या मते लांबलचक कामं करणाऱ्याने प्रो घ्यायला हेच एक कारण पुरे आहे.

मॅकवर ऑटोमॅटिक अपडेट बंद केलं की तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबतं, फक्त आठवण करून देणारं नोटिफिकेशन परत परत येतं. पण 2020 च्या बिग सर आवृत्तीपासून सिस्टीम डिस्कच्या वेगळ्या, सीलबंद भागावर (व्हॉल्यूमवर) असते, त्यामुळे सिस्टीमचं अपडेट म्हटलं की रिस्टार्ट आलाच आणि तो बराच वेळ खातो. महिन्यातून एकदा जेवायच्या वेळेला लावून टाकायचं.

लिनक्स मला सगळ्यात माणुसकीचं वाटतं. चालू प्रोग्रॅम जुनी फाईल धरून ठेवतो आणि नवीन फाईल शेजारी बसते, म्हणून बरीचशी अपडेट्स काम चालू असतानाच होतात, कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदललं तर रिस्टार्ट लागतो पण कधी ते तुम्ही ठरवायचं. उबुंटू हा लिनक्सचा लोकप्रिय प्रकार सिक्युरिटी अपडेट आपोआप घेतं पण डीफॉल्टला स्वतःहून रिस्टार्ट करत नाही. एक कटकट आहे, 21.10 आवृत्तीपासून तिथला फायरफॉक्स स्नॅप पॅकेज (आपोआप अपडेट होणारं अॅप) आहे आणि "अॅप बंद करा, इतके दिवस उरले" असं नोटिफिकेशन येत राहतं, अपडेट रोखून धरणाऱ्या होल्ड कमांडने ते थांबतं. तेही नको असेल तर मिंट हा लिनक्सचाच दुसरा प्रकार बघा. मात्र तुमचं ऑफिसचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नसेल तर हे सगळं सांगून उपयोग नाही.

क्रोमबुकमध्ये सिस्टीमच्या दोन प्रती असतात, अपडेट दुसऱ्या प्रतीवर मागच्या मागे होतं आणि रिस्टार्ट म्हणजे नुसतं नेहमीसारखं चालू होणं, "अपडेट होत आहे, बंद करू नका" बघत बसावं लागत नाही. 2021 पासूनच्या मॉडेल्सना 10 वर्षं अपडेट आहेत, पण ती वर्षं प्लॅटफॉर्म (मॉडेलचं मूळ हार्डवेअर) बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही, तेव्हा तारीख बघूनच घ्या.

काही जण वैतागून अपडेट सर्व्हिसच बंद करतात, ते कृपा करून करू नका. मे 2017 मध्ये फाईल्स लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, ज्यांनी लावला नव्हता त्यांची मशीनं अडकली.

तर घरी ब्राउझर आणि मेल एवढंच असेल तर क्रोमबुक, कोडिंग किंवा दिवसदिवस चालणारी गणितं असतील तर लिनक्स. विंडोज घ्यावंच लागणार असेल तर प्रो घ्या, आणि मोठं काम लावायच्या आधी सेटिंग्जमध्ये जाऊन एक आठवडा पॉज करा, काम झालं की त्याच दिवशी पॉज काढून अपडेट घेऊन टाका.