मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर: ट्रामाडॉल की पॅरासिटामॉल आणि टब?

इतवारीतल्या आमच्या मामाजींचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, तेही मे महिन्यात. पहिल्या रात्री ट्रामाडॉलने, म्हणजे ओपिऑइड (अफूसारखं काम करणाऱ्या) वेदनाशामकाने झोप लागली, हे मान्यच. पण ओपिऑइड ज्या रिसेप्टरवर (पेशींवर औषध चिकटतं त्या जागांवर) काम करतं, ते आतड्यातही असतात. आतडं सुस्तावतं, मलातलं पाणी जास्त शोषलं जातं, खडा होतो. ताज्या जखमेवरून तो जाणं म्हणजे काय, ते मामाजींना विचारा! मळमळीची, गुंगीची सवय शरीराला हळूहळू होते. बद्धकोष्ठतेची फारशी होत नाही. त्यात नागपूरचं ४५ अंशांचं ऊन. २०१८ पासून ट्रामाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तेव्हा चिठ्ठीशिवाय मागूच नका.

पॅरासिटामॉल एकटं बऱ्याचदा कमी पडतं. पण दुखायची वाट न पाहता ठरल्या वेळी घेतलं, डॉक्टरांनी दिलं तर जोडीला आयब्युप्रोफेन, आणि दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात १०-१५ मिनिटं, तर पुष्कळांचं भागतं. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी.

आतडं कापून जोडायच्या मोठ्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी, तिथे ओपिऑइड बरेचदा लागतंच. मूळव्याधीत मात्र माझा कौल दुसऱ्या बाजूला. ट्रामाडॉल राखीव, दोन-तीन दिवसांपुरतं, आणि पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून. तर्री-पोहे नंतर.