सीसीएनपी होऊन चौदा महिने झाले, पैसे वसूल झाले का?

"ताई, सीसीएनपी करू का? फायदा होतो का?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारलाय की दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला. एकदाच सविस्तर लिहून ठेवते, पुढच्यांना हेच पाठवेन. सीसीएनपी म्हणजे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं वरच्या पातळीचं सर्टिफिकेट, सीसीएनए त्याखालचं.

आधी कोण बोलतंय ते सांगते. राहते कळव्याला. सीसीएनए करून चार वर्षं ऐरोलीच्या एका कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात, काढली, निम्म्याहून जास्त रात्रपाळीत. काम म्हणजे अलार्म आला की तिकीट उघडायचं, लिंक पडली असेल तर प्रोव्हायडरला फोन लावायचा, आणि खरंच अवघड काही निघालं की एल-थ्रीकडे, म्हणजे वरच्या पातळीच्या इंजिनिअरकडे, ढकलायचं. चार वर्षांत मी ढकलण्यात तरबेज झाले होते.

खर्चाचं उघड सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. परीक्षा दोन. माझ्या एंटरप्राइझ शाखेत एन्कोर सगळ्यांना सक्तीची, तिचे ४०० डॉलर. दुसरी आपण निवडायची. मी रूटिंगची, म्हणजे एनार्सी घेतली, तिचे ३०० डॉलर. वर जीएसटी. एनार्सीत मी पहिल्यांदा आपटले. पाच दिवस थांबून पुन्हा देता येते, पण फी पुन्हा पूर्ण. म्हणजे सगळं मिळून लाखाच्या घरात गेलं. क्लास लावला नाही, पाळ्यांमुळे जमणारच नव्हतं. त्याऐवजी लॅमिंग्टन रोडवरून ६४ जीबी रॅमचा एक जुना वर्कस्टेशन आणला आणि त्यावर ईव्ह-एनजी, म्हणजे कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभं करून सराव करायचं सॉफ्टवेअर, चढवलं. आई त्याला 'दुसरा फ्रिज' म्हणते. आवाज फ्रिजपेक्षा जास्तच आहे.

कंपनी फी परत द्यायला तयार होती. पण अट अशी की पहिल्याच खेपेत पास व्हायचं आणि दोन वर्षांचा बाँड लिहून द्यायचा. मी सही केली नाही. दोन डिग्र्यांमध्येसुद्धा इतका शहाणपणाचा निर्णय मी घेतला नसेल.

एन्कोरबद्दल एवढंच की ती पसरट आहे. मी दिली तेव्हा राउटिंग-स्विचिंगचा मुख्य भाग ३० टक्के होता आणि ऑटोमेशन १५ टक्के. पायथॉन, जेसन, एपीआय ही प्रोग्रामिंगची नावं बघून 'हे आपलं नाही' म्हणणारे तिथेच मार्क घालवतात. वेळ १२० मिनिटं, आणि एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. शाळेपासून 'अवघड प्रश्न शेवटी सोडवा' ऐकत आलेल्यांना ही सवय मोडायला वेळ लागतो.

निकाल लागला. मेल आला, डिजिटल बॅज आला, लिंक्डइनवर दीडशे अभिनंदनं आली. ऑफिसात? काही नाही. मॅनेजर म्हणाले, "छान, अप्रेझलला बघू." अप्रेझलला बघितलं, तर इतरांएवढीच वाढ. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी एकच विचारलं, "मग पगार किती वाढला?" मी विषय बदलला.

खरी गोम इथे आहे. जी कंपनी फक्त स्वतःचं नेटवर्क सांभाळते, तिला तुमच्या सर्टिफिकेटची तातडीची गरज नसते. तुम्ही कालही तिकीट बंद करत होतात, आजही करता. पण दुसऱ्यांना नेटवर्क उभारून देणाऱ्या सिस्टिम इंटिग्रेटर कंपन्यांचं तसं नाही. सिस्को पार्टनरचा दर्जा टिकवायला त्यांना सर्टिफाइड माणसं पगारावर दाखवावी लागतात. मोठ्या टेंडरमध्ये तर 'इतके सीसीएनपी, इतके सीसीआयई' (हे सीसीएनपीच्या वरचं सर्टिफिकेट) अशी अटच लिहिलेली असते. म्हणजे तोच कागद एका दारात रद्दी आणि दुसऱ्या दारात ऐवज. हे कळायला मला पाच महिने लागले. सहाव्या महिन्यात महापेच्या एका इंटिग्रेटरकडे गेले, पगार एक तृतीयांश वाढला. बाबांना फोन करून सांगितलं. त्यातला किती सर्टिफिकेटचा आणि किती नुसता नोकरी बदलण्याचा, हे प्रामाणिकपणे वेगळं काढता येणार नाही. पण कॉल आला तो रेझ्युमेवरच्या त्या एका ओळीमुळेच.

इंटरव्ह्यूत मात्र त्या ओळीचा उलटा ताप. डंप, म्हणजे परीक्षेतून फुटलेले प्रश्न, पाठ करून पास झालेल्यांची इतकी रेलचेल आहे की समोरचा आधी संशयानेच बघतो. मला मार्कर हातात देऊन म्हणाले, "दोन ठिकाणी ओएसपीएफ आणि ईआयजीआरपीचं रीडिस्ट्रिब्युशन आहे. लूप कुठे होईल, दाखवा." म्हणजे मार्ग ठरवायच्या दोन पद्धती एकमेकींना मार्ग सांगत असताना पॅकेट कुठे गोल फिरत राहील. डंपवाला इथे संपतो. मी हेच घरी दुसऱ्या फ्रिजवर पन्नासदा बिघडवलं होतं, म्हणून वाचले.

आणि नवीन नोकरीतली एक रात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. अडीच वाजलेले, ग्राहकाचं भिवंडीचं गोडाऊन मुख्य ऑफिसपासून तुटलेलं. पिंग जातोय, पण ओएसपीएफचा शेजारी, म्हणजे पलीकडचा राउटर, एक्सस्टार्टमध्ये, ओळख होण्याच्या अर्ध्या टप्प्यात, अडकलेला. मनात म्हटलं, हा तर पुस्तकातला प्रश्न: दोन्हीकडचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, जुळत नाही. बघितलं तर गोडाऊनकडे १४००, मुख्य ऑफिसकडे १५००. ओएसपीएफला एमटीयूकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड टाकली, शेजारी फुल झाला, म्हणजे ओळख पूर्ण. मी खूश होऊन सीनियर सरांना फोन केला.

ते म्हणाले, "अगं, थांब. मुख्य ऑफिसकडून डीएफ बिट लावून १५०० चा पिंग टाक." डीएफ बिट म्हणजे 'वाटेत पॅकेटचे तुकडे करू नका' ही खूण. टाकला. गेला नाही.

म्हणजे शेजारी हिरवा, पण सकाळी बिलिंग सुरू झालं की मोठी पॅकेट्स वाटेत गळणार आणि स्क्रीन नुसती गरगरत राहणार. प्रोव्हायडरने दिवसा लिंक टनेलमधून वळवली होती. आमच्याच दिवसपाळीने एका टोकाला १४०० केलं आणि दुसरं टोक विसरले. मग दोन्हीकडे १४००, टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा, १३६०, आणि माझी ती हुशारीची कमांड काढून टाकली. चारला घोट-घोट चहा पीत आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा अहवाल, लिहिला, त्यात माझी कमांडही लिहिली. परीक्षेत मी मारलेलं उत्तर बरोबर धरलं असतं, ही गोष्ट मला अजून टोचते. पण सर्टिफिकेट नसतं तर हे तिकीट माझ्याकडे राहिलंच नसतं, मी ते एल-थ्रीकडे ढकलून दिलं असतं. आता एल-थ्री मीच आहे.

फ्रेशर्सना मात्र माझं मत स्पष्ट आहे: थेट सीसीएनपी करू नका. सीसीएनए करा, वर्षभर तरी कुठल्या तरी नॉकमध्ये अलार्म बघा. हातात काहीच नसताना वरचा कागद असला की इंटरव्ह्यू घेणारा जास्त खोलात शिरतो, आणि तिथे पाय टेकत नाहीत.

सीसीआयई? लॅब आठ तासांची, त्यासाठी बेंगळुरू गाठायचं, आणि एन्कोर पास असल्याने दार उघडं आहे. आमच्या सरांच्या ईमेलखाली त्यांचा सीसीआयई क्रमांक असतो. १९९३ मध्ये ही परीक्षा सुरू झाली तेव्हा पहिला क्रमांक, १०२४, माणसाला नाही तर लॅबलाच दिला होता, हा किस्सा ते दर पार्टीत सांगतात. माझा अजून विचार पक्का नाही. सध्या डोक्यात सर्टिफिकेटची तीन वर्षांची मुदत आहे: चौदा महिने गेले, बावीस उरलेत, तेवढ्यात पुन्हा परीक्षा तरी द्यायची किंवा सिस्कोच्या प्रशिक्षणातून ८० क्रेडिट तरी जमवायचे. या खेपेला फी नव्या कंपनीने भरायचं कबूल केलंय, बाँडशिवाय. मेलवर लेखी घेतलंय.