बेबी कालव्याचं पाणी: पाटानं द्यावं की शेततळ्यातून ठिबकनं?

बेबी कालव्याच्या, म्हणजे जुन्या मुठा उजव्या कालव्याच्या, कडेला ज्याची जमीन आहे, त्याला हे पाणी घ्यावं की नाही हा प्रश्न फारसा उरतच नाही. पुणे शहराचं वापरून झालेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतून) उचलायचं, हडपसरजवळच्या साडेसतरा नळीपाशी कालव्यात सोडायचं, आणि शहरानं धरणातून घेतलेल्या पाण्याची वर्षाला साडेसहा टीएमसीपर्यंत (अब्ज घनफुटांपर्यंत) अशी भरपाई करायची, असा हा हिशोब. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत या पट्ट्यात उन्हाळ्यात दुसरं पाणी आहे कुणाकडे? तेव्हा घेणार हे ठरलेलंच. प्रश्न एवढाच की सरळ पाटानं द्यायचं, की शेततळ्यात निवळू देऊन ठिबकनं. मी दोन्ही केलंय. आधी पाट, नंतर ठिबक. तुषार सिंचनाचा विचार मात्र या पाण्यासाठी करूच नका. पाण्याचे कण वाऱ्यावर उडून पानावरही बसतात आणि तोंडावरही.

एक गोष्ट आधी मान्य करू. हे पाणी नदीतून उचललेलं असतं. त्यात प्रक्रिया केंद्रातून आलेलं पाणीही असतं आणि प्रक्रिया न झालेलंही मिसळलेलं असतं. म्हणून कागदावर ते ‘शुद्ध केलेलं’ असलं, तरी मी ते सांडपाणीच धरून चालतो. तसं धरलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पाटाच्या बाजूनं बरंच बोलता येईल. खर्च नाही. फिल्टर नाही. कालव्यातून जलपर्णी, प्लॅस्टिक, काय वाट्टेल ते आलं तरी सरीला फरक पडत नाही. वर फुकटचं खत. लिटरमागे 30 मिलिग्रॅम नत्र धरलं, तर एकरी एक इंच पाण्यातून सुमारे 3 किलो नत्र जातं. पाटाची एक पाळी तीन इंचांची धरा, म्हणजे 9 किलो. जवळपास 20 किलो युरिया. पहिल्या वर्षी आमचा ऊस असा काळाभोर झाला की रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे. तोच ऊस पुढं लोळला. हे खत आपल्याला हवं तेव्हा बंद करता येत नाही, ही त्यातली गोम. ऊस पक्व व्हायला लागला तरी प्रत्येक पाळीला नत्र चालूच, मग नुसती वाढ होते आणि साखरेचा उतारा घटतो. तरीही नुसता ऊस असेल, जमीन निचऱ्याची असेल, तर पाटावर भागतं हे मी नाकारणार नाही.

मला पाट सोडायला लावला तो उसानं नाही, पायांनी.

आमच्याकडे मोटरची थ्री-फेज वीज बरेचदा रात्रीची. दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, रात्री अकराला उतरायचं आणि पहाटेपर्यंत घोटाभर पाण्यात उभं राहायचं. विहिरीच्या पाण्यात आयुष्यभर दारं धरली, कधी काही झालं नाही. या पाण्यात आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. रात्री खाज, सकाळी आग, खाजवलं की कातडी सोलून निघायची. डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाण्यात जाऊ नका म्हणाले. मग गमबूट आणले. काळ्या रानातल्या ओल्या सरीत गमबूट घालून चालून बघा: पाय वर येतो, बूट खालीच राहतो. दुसऱ्या रात्री गड्यानं ते बूट बांधावर काढून ठेवले आणि तो पुन्हा अनवाणी उतरला. एकदा सरीत काचेचा तुकडा लागून त्याच्या टाचेला चीर पडली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम भरली, पण तो परत आला नाही. दुसरा गडी मिळेना. ‘त्या पाण्यात’ दारं धरायची मजुरी वेगळी, असं सरळ सांगायला लागले. चूक त्यांची नव्हती.

मग शेततळं आणि ठिबक केलं. हेही सुखाचं नाही, आधीच सांगतो. विक्रेत्यानं नुसता जाळीचा फिल्टर बसवून दिला होता. तीन आठवड्यांत शेवटच्या सऱ्यांतले ड्रिपर (थेंब सोडणारी छिद्रं) बंद. नळी कापून बघितली तर आत बोटाला लागेल असा बुळबुळीत थर. मी त्यावर आधी ॲसिड मारत बसलो, उपयोग झाला नाही. ॲसिडनं क्षार सुटतात. हा बुळबुळीत थर जिवाणूंचा, त्याला क्लोरीन लागतं. (दोन्ही एकाच वेळी कधीही नाही, विषारी वायू होतो. आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही.) आता वाळूचा फिल्टर, त्यामागं डिस्क फिल्टर, रोज बॅकफ्लश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं), दर आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून धुणं. टोक उघडलं की पहिला अर्धा मिनिट काळं पाणी येतं, मग निवळ येतं. निवळ आलं की टोपी लावायची. माझं मोजमाप एवढंच.

शेततळ्यात पाणी आठ-दहा दिवस थांबलं की जंतांची अंडी बरीचशी तळाला बसतात, उन्हानं जंतूही कमी होतात. म्हणून फूटव्हॉल्व (मोटरच्या पाइपचं पाणी ओढणारं तोंड) तळाशी टाकायचा नाही. आम्ही तो रिकाम्या ड्रमला दोरीनं बांधून पृष्ठभागाच्या हात-दीड हात खाली लोंबता ठेवलाय. वर शेवाळ, खाली गाळ, मधलं पाणी मोटरला. डासांसाठी गप्पी मासे सोडले. तळ्याला कुंपण हवंच. नळ्यांना आणि तोट्यांना लाल रंग मारलाय, कारण शेतात आलेलं पोर नळीला तोंड लावतं. परदेशात अशा पाण्याच्या पाइपला जांभळा रंग देतात, त्यामागं कारण हेच.

भाजीपाला घ्यायचा असेल तर मात्र तुलनेला जागाच राहत नाही असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ठिबकला मोठं श्रेय दिलंय: जमिनीलगतच्या पिकावर जंतूंचा भार शंभरपट कमी धरता येतो, जमिनीपासून उंच फळ धरणाऱ्या पिकावर दहा हजारपट. पाटाला तसं काही नाही. म्हणून तारेवर बांधलेला टोमॅटो मी घेतो, तोही शेवटच्या पाण्यानंतर काही दिवस थांबून तोडतो. कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी या पाण्यावर मी ठिबकनंही घेत नाही. कुणी घेत असेल तर त्याला वाईट म्हणणार नाही, पण माझ्या घरची कोथिंबीर विहिरीवरची आहे. आणि ती विहीरही कालव्यापासून लांबची. कालव्यालगतच्या विहिरीत तेच पाणी पाझरतं.

ठिबकची एक खोड पाटात नाही. ओलाव्याच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ धरते. चांगला पाऊस झाला की ती खाली धुऊन जाते, कमी पावसाच्या वर्षी खोडापाशी सरकते. पाटात क्षार वर दिसत नाहीत, पण भारी जमिनीत निचरा नसेल तर सगळं रानच चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, व्हायच्या वाटेला लागतं. दोन्हीकडे वर्षातून एकदा पाणी तपासून घ्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सिंचनाच्या पाण्यासाठी क्षारतेची (विद्युत वाहकतेनं मोजलेली) मर्यादा सेंटीमीटरला 2250 मायक्रोम्हो दिलीय, बोरॉनची लिटरला 2 मिलिग्रॅम. माती-पाण्याच्या साध्या अहवालात जंतूंची तपासणी सहसा नसते, ती वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

माझ्याकडे अजून अर्धा एकर पाटावर आहे, नेपियर गवत. तिथं दिवसाच पाणी देतो, आणि बांधावरून फावड्यानं जेवढं वळेल तेवढंच वळवतो, सरीत उतरत नाही.

तुमचा नुसता ऊस असेल आणि दारं धरणारं माणूस घरचंच, तर पाटानं एखादं वर्ष काढून बघायला हरकत नाही. तेवढं त्याचे पाय रोज बघत जा. ठिबक करणार असाल तर पैसे आधी फिल्टरवर घाला, नळ्या मागाहून वाढवता येतात. मी उलटं केलं, आणि पहिल्या वर्षीच्या निम्म्या नळ्या आता गोठ्याच्या छपरावर पडून आहेत.